पाच टक्क्यांची ऑफर

'तुमचा प्रश्न एका वाक्यात' या रकान्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, "सीव्ही बघून द्यावा, ही विनंती." खाली सही, सहीखाली तारीख. फॉर्मवर तारखेचा रकानाच नव्हता. न विचारता तारीख टाकायची सवय संस्थेत पावत्या फाडून फाडून लागते.

२०२४ चा डिसेंबर. पुण्यात निधी संकलनाचं काम करणाऱ्यांची दोन दिवसांची परिषद होती. पहिला दिवस मोठ्या विषयांचा: सीएसआर (कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकामाला द्यायचा पैसा), सोशल स्टॉक एक्स्चेंज, एआयकडून प्रपोजल लिहून घेणं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर 'करिअर क्लिनिक'. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात, चहाच्या काउंटरला लागून चार टेबलं. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, वेळ संपली की एक स्वयंसेवक मुलगी घंटी वाजवणार. तिसऱ्या टेबलावर मी होतो. बावीस वर्षं या धंद्यात आहे. ('धंदा' म्हटलं की आमच्यातल्या काहींना लागतं, म्हणून व्यासपीठावर 'क्षेत्र' म्हणतो.)

हे प्रकरण त्या पंधरा मिनिटांचं आणि नंतरच्या आठ महिन्यांचं. ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील थोडे इकडेतिकडे केलेत.

फॉर्म भरणाऱ्या बाई मराठवाड्यातल्या एका संस्थेत नऊ वर्षं होत्या. संस्था ग्रामीण मुलींचं वसतिगृह चालवते. पगारी माणसं चौदा. कागदावर हुद्दा 'कार्यालय सहायक', प्रत्यक्षात देणग्यांचं सगळं काम त्यांच्याकडे. पगार २६,०००. संस्थेत सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. परिषदेला त्या स्वतःच्या रजेवर, रात्रीच्या एसटीने आल्या होत्या. फीपैकी निम्मी संस्थेने दिली, निम्मी त्यांनी. आमच्याकडे बजेटमध्ये 'प्रशिक्षण' असा मथळा असतोच, पण तो लाभार्थ्यांसाठी. कर्मचाऱ्याला काही शिकायचं असेल तर ती त्याची हौस.

सीव्ही दोन पानी, नेटवरून उतरवलेल्या साच्यातला, इंग्रजीत. वरच्या निळ्या पट्टीत पहिलीच ओळ: नऊ वर्षांत तीन कोटींचा निधी उभारला. मी पेन काढलं आणि कामाला लागलो. क्रियापदं बदलली, एक परिच्छेद वर घेतला, छंद खोडले. पाचेक मिनिटं त्यात गेली. ही माझी पहिली चूक. समोरच्याने सीव्ही मागितला म्हणून मी सीव्ही दिला. त्या रात्रभर एसटीत बसून क्रियापदं बदलून घ्यायला आल्या असतील का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग मी सहज विचारलं, "हे तीन कोटी कसकसे आले?"

त्यांनी हिशेब सांगितला, तोही खालच्या आवाजात. अडीच कोटी एकाच कंपनीचे, वसतिगृहाच्या इमारतीसाठी. ओळख एका विश्वस्तांची. ताईंनी कागदपत्रं जमवली, साइटवरचे फोटो पाठवले, यूटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सीएकडे खेटे घातले. उरलेले पन्नासेक लाख किरकोळ देणगीदारांचे.

"किरकोळ म्हणजे?"

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शाळेची असते तशीच, खाकी कव्हरची. प्रत्येक पानावर एक माणूस. नाव, गाव, फोन, आणि त्याखाली तिथी. 'वडील, कार्तिक वद्य पंचमी.' 'आई, माघ शुद्ध नवमी.' वसतिगृहातल्या मुलींचं एका वेळचं जेवण २,१०० रुपयांना, आणि लोक ते आपल्या माणसाच्या तिथीला देतात. तिथी इंग्रजी तारखेला थांबत नाही, दरवर्षी सरकते. त्यामुळे एक्सेलमध्ये एकदा भरून ठेवून भागत नाही. दर जानेवारीत ताई नवं कालनिर्णय घेऊन बसतात आणि वहीतली एकेक तिथी त्या वर्षीच्या तारखेवर मांडतात. मग आदल्या दिवशी फोन. पैशांचा विषय त्या काढत नाहीत. "काका, उद्या आजोबांची तिथी ना? मुली विचारत होत्या, गोड काय करू?" एवढंच.

पहिल्या वर्षी वहीत चाळीस पानं भरली होती. आता २१२. आदल्या वर्षी दिलेल्या २१२ जणांपैकी १८४ जणांनी या वर्षीही दिले होते, म्हणजे शंभरातले सत्त्याऐंशी. आदल्याच दिवशी याच इमारतीत, वातानुकूलित सभागृहात, देणगीदार टिकवायचे कसे यावर दीड तास बोलणं झालं होतं. ताई मागच्या रांगेत बसून टिपणं घेत होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी अगदी ओघात सांगितली. २,१०० हा आकडा लोकांना आवडतो, शुभ वाटतो. पण ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या नियमात रोख देणगी २,००० च्या वर गेली की कराची सवलत बसत नाही. एकवीसशे रोख दिले तर वरच्या शंभरापायी सगळीच सवलत जाते. सुरुवातीला पावत्या परत यायच्या, लोक चिडायचे. ताईंनी दोन वर्षांत जवळजवळ सगळ्यांना यूपीआय किंवा चेकवर आणलं, साठीपासष्टीतल्या माणसांनासुद्धा. शिवाय दरवर्षी ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडी (देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायचा) भरायचा म्हणून सगळ्यांचे पॅन गोळा केले. तिथीला आलेल्या माणसाकडे पॅन मागणं किती अवघड, हे ज्याने मागितलंय त्यालाच कळेल.

यातलं एक अक्षर सीव्हीत नव्हतं. मी विचारलं, का नाही? "ते काय लिहायचं सर, ते तर रोजचंच आहे."

घंटी वाजायला तीनेक मिनिटं असताना त्यांनी फोन पुढे केला. पीडीएफ उघडलेली होती. "हे पण जरा बघता का?"

ते नोकरीचं पत्र होतं. पुण्यातली एक संस्था, शाळांमध्ये काम करणारी. हुद्दा भारदस्त, सीनिअर मॅनेजर. पगार १५,००० स्थिर, आणि वर 'उभारलेल्या निधीच्या ५ टक्के'. वर्षाचं टार्गेट एक कोटी. म्हणजे कागदावर पाच लाख अधिक एक लाख ऐंशी हजार, सहा लाख ऐंशी हजार. सध्याच्या वर्षाच्या तीन लाख बारा हजारांच्या दुपटीहून जास्त. मुलगी अकरावीला, तिला पुण्यात ठेवायचं मनात होतं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं, आणि आज शनिवार.

घंटी वाजली. पुढचा मुलगा फाइल घेऊन उभाच होता. मी ताईंना म्हटलं, चार वाजता जिन्यापाशी भेटा.

खरं काम त्या जिन्यावर झालं. चहाचे कागदी कप, पाठकोरा फॉर्म, आणि आमच्या मागून लिफ्टकडे जाणारी माणसं.

आधी तत्त्वाचं. अमेरिकेत निधी संकलकांची एक मोठी व्यावसायिक संघटना आहे, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स. स्थापना १९६० ची, नाव तेव्हा वेगळं होतं. तिची आचारसंहिता १९६४ पासूनची. सदस्याने देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घेऊ नये, असं त्या संहितेत स्पष्ट आहे. बोनस चालतो, पण तो जमलेल्या रकमेच्या टक्क्यांत मोजलेला नसावा. देणगीदाराने मुलींच्या जेवणाला दिलेल्या पैशातला वाटा फोन करणाऱ्याच्या खिशात जातो हे कळलं, तर तो पुढच्या तिथीला फोन उचलणार नाही. आणि ज्याचं पोट टक्क्यावर आहे, तो तिथीवाल्या काकांना विसरून मोठ्या चेकच्या मागे धावणार.

ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण सर, मी काही त्या संघटनेची सदस्य नाही." बरोबर होतं. त्या संहितेचं आपल्याकडे कुणावर बंधन नाही. शिवाय मुलीच्या वसतिगृहाची फी त्या संहितेतून भरता येणार नव्हती. तत्त्व बाजूला ठेवलं आणि पाठकोऱ्या फॉर्मवर आकडे मांडायला घेतले.

समजा त्या फेब्रुवारीत रुजू झाल्या. त्या संस्थेचा बहुतेक पैसा सीएसआरचा. कंपनीच्या सीएसआर समितीला वर्षाचा कृती आराखडा करून संचालक मंडळाकडे न्यावा लागतो, त्यामुळे नव्या संस्थेची दखल बहुधा पुढच्या आर्थिक वर्षात. मग त्यांची तपासणी, भेट, करार, पहिला हप्ता. सगळं सुरळीत झालं तरी पहिला रुपया दिवाळीच्या सुमारास. टक्के मिळणार रक्कम खात्यात आल्यावर. म्हणजे आठ-नऊ महिने पुण्यात, भाडं देऊन, १५,००० वर. आणि मध्येच सोडलं तर? पत्रात त्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी पेरायचं आणि दुसऱ्याने कापायचं, असं सहज होऊ शकलं असतं.

दुसरा हिशेब जास्त अडचणीचा. समजा एका कंपनीने ४० लाख दिले, वीस शाळांतल्या प्रयोगशाळांसाठी. त्यात किट, शिक्षकांचं मानधन, प्रवास, ऑडिट, सगळ्याचे मथळे ठरलेले. ताईंचे पाच टक्के म्हणजे दोन लाख. ते कुठल्या मथळ्यातून काढणार? कमिशन नावाचा मथळा कंपनी मंजूर करत नाही. मग एक तर ते 'प्रकल्प समन्वय' वगैरे नावाखाली जाणार, आणि हिशेबाच्या त्या कागदांवर ताईंचीही सही असणार. नाही तर संस्थेकडे जो थोडाफार मोकळा पैसा असतो, म्हणजे साध्या माणसांनी विनाअट दिलेला, त्यातून जाणार. कंपनीचे पैसे आणल्याबद्दलचं बक्षीस अशा वेळी किरकोळ देणगीदार देतो.

"ते म्हणाले, सीएसआरमध्ये पाच टक्के अ‍ॅडमिनला चालतात," ताई म्हणाल्या.

हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडतही नाही. २०२१ च्या सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे कंपनीत सीएसआर विभाग चालवायला जो खर्च येतो त्याला. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने कुणाला पाच टक्के वाटावेत असं त्यात कुठेही नाही. आकडा सारखा दिसतो म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. पण बोलणारा आत्मविश्वासाने बोलला की खरं वाटतं.

तिसरी गोष्ट पत्रात नव्हती, फोनवर होती. "तुमचे डोनर कॉन्टॅक्ट्स घेऊन याल ना?" असं त्यांना हसत हसत विचारलं होतं. ताईंनी वहीवर हात ठेवला. वही त्यांनीच विकत घेतली होती, अक्षर त्यांचं होतं, तिथ्या त्यांनी विचारून घेतल्या होत्या. वही कुणाची? वर सांगितलेल्या संहितेत याचंही उत्तर आहे: देणगीदारांची माहिती संस्थेची, माणसाबरोबर ती जात नाही. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाय. पण ताईंना यातलं काही सांगावं लागलं नाही. "त्यांनी तिथ्या मुलींसाठी सांगितल्या. मला नाही," त्या म्हणाल्या. वही पिशवीत घेऊन फिरणारी ही बाई या विषयावर माझ्यापेक्षा स्पष्ट होती.

आता त्यांच्या सध्याच्या संस्थेबद्दल, कारण गाठ तिथेच होती. नऊ वर्षांत हुद्दा बदललेला नाही. पगारवाढीचा विषय काढला की कार्यवाह म्हणत, "ताई, आपण कार्यकर्ते." हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांच्या भिंतींनी ऐकलं असेल. त्याची मुळं खोल आहेत. आपल्याकडे वर्गणी, झोळी, मुष्टिफंड, पैसा फंड ही सगळी कार्यकर्त्यांची परंपरा. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली आणि वर्षानुवर्षं दारोदार फिरून रुपया-रुपया जमवला. सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी महिला विद्यापीठाला मिळाली ती १९२० साली. मधली चोवीस वर्षं कुणी त्याला नोकरी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. पण कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते, पगारावर होते, हे 'आपण कार्यकर्ते' म्हणणारे कुणी सांगत नाही. आणि आता तोच कार्यवाह ताईंकडून ऑडिटला लागणारे कागद, १०बीडी, कंपनीचे तिमाही अहवाल आणि वेबसाइटचं देणगी पान एवढं सगळं मागतो. कामाची अपेक्षा नोकरीची आणि पगाराची अपेक्षा सेवेची, हे जमत नाही.

मी त्यांना दोन कागद करायला सांगितले. एक नव्या संस्थेसाठी, फक्त तीन प्रश्नांचा: टार्गेट शून्य झालं तर पगार किती, पाच टक्के कुठल्या मथळ्यातून, देणगीदारांची माहिती मी आणणार नाही, हे लेखी चालेल का. दुसरा कागद स्वतःच्या संस्थेसाठी. 'पगार वाढवा' असा अर्ज करायचा नाही. वहीतून काढलेला एकच तक्ता ठेवायचा: कुठल्या वर्षी किती देणगीदार, त्यातले किती परत आले. आणि मागायचं काय: हुद्दा, ३५,००० पगार, विश्वस्तांच्या बैठकीत दहा मिनिटं, वर्षाला एका प्रशिक्षणाचा खर्च. पीएफचा आग्रह धरू नका म्हटलं, कारण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेला तो बंधनकारक नाही. ग्रॅच्युइटीचं मात्र विचारा. तो कायदा दहा माणसांपासून लागू होतो आणि पाच वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या संस्थेला लागतो का ते एखाद्या कामगार सल्लागाराकडून पक्कं करून घ्या. मूळ पगार १८,००० धरला तर पंधरा भागिले सव्वीस गुणिले नऊ, सुमारे ९३,००० होतात. ताईंनी आकडा दोनदा लिहून घेतला. नऊ वर्षांत हा शब्द त्यांच्या कानावर कुणी घातला नव्हता. दोन दिवसांच्या परिषदेतही नाही.

उठता उठता त्यांनी सर्टिफिकेटचं विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्यांना सीएफआरई करायला सुचवलं होतं. निधी संकलकांची, जगभर मान असलेली परीक्षा आहे, चार तास, दोनशे प्रश्न, शिवाय दर तीन वर्षांनी नूतनीकरण. माझं मत वेगळं पडलं. इंग्रजीतली परीक्षा आणि डॉलरमधली फी भरून ताईंना जे मिळेल, त्यापेक्षा तक्ता आणि हुद्दा आधी लागतो. माझा सहकारी अजूनही म्हणतो की मी त्यांना कमी लेखलं. त्याचंही बरोबर असेल.

सोमवारी त्यांनी तीन प्रश्न मेल केले. पहिल्याचं उत्तर आलं: १५,०००. दुसऱ्याला 'प्रत्यक्ष भेटीत बोलू'. तिसऱ्याला काहीच नाही. त्यांनी नकार कळवला. नकार कळवल्याच्या रात्री त्या रडल्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाहेरून ते शहाणपणाचं पाऊल दिसत होतं. घरात मात्र पुण्याचं कॉलेज रद्द झालं होतं.

स्वतःच्या संस्थेत तक्ता बैठकीपर्यंत पोचला. एका वृद्ध विश्वस्तांनी तो हातात घेऊन विचारलं, "हे सगळे लोक आपल्याला दरवर्षी देतात?" त्यांना माहीतच नव्हतं. हुद्दा मिळाला, 'निधी समन्वयक'. पगार २९,००० झाला, ३५,००० नाही. प्रशिक्षणाचा खर्च 'पुढच्या वर्षी बघू'. पुढच्या जुलैत छत्रपती संभाजीनगरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने त्यांना ३८,००० स्थिर पगारावर बोलावलं. सीव्हीत या वेळी पहिली ओळ कोटींची नव्हती. आदल्या वर्षीचे शंभरातले सत्त्याऐंशी देणगीदार परत आले, ही होती. मुलाखतीत अर्धा वेळ वहीबद्दलच विचारलं, म्हणाल्या.

परिषदेच्या आयोजकांना मी लांबलचक मेल लिहिला होता. पंधरा मिनिटं पुरत नाहीत. फॉर्मवर 'हातात एखादी ऑफर आहे का?' हा प्रश्न असू द्या. आणि एक टेबल विश्वस्त-कार्यवाहांसाठी ठेवा, कारण चार टेबलांवर आम्ही माणसांचे सीव्ही दुरुस्त करतोय आणि नोकरी मात्र तशीच मोडकी ठेवतोय. पुढच्या वेळी वेळ तीस मिनिटं झाली. प्रश्न फॉर्मवर आला. विश्वस्तांचं टेबलही मांडलं होतं, त्यावर दोन दिवस पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

सोडण्याआधी ताईंनी दोन दिवस बसून वही नव्या मुलाला समजावली. बी.कॉम. झालेला, एक्सेलमध्ये तरबेज. वही त्यांनी त्याच्याकडे दिली, स्वतःकडे प्रत ठेवली नाही. महिन्याभराने त्याचा त्यांना फोन आला. कालनिर्णयात वद्य दशमी दोन दिवस दाखवलीय, फोन कुठल्या दिवशी करू?

"पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी," ताईंनी सांगितलं. "आणि सातच्या आत कर. नंतर ते बातम्या बघतात."